थरथर काढून मिळेल

"या हातांखालून गेलेली वस्तू पुन्हा थरथरली, तर दुकानाचं नाव बदलून टाकेन!" असं डॉक्टर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठणकावून सांगत. दुकानाला मुळात नाव नव्हतंच. नुसती पाटी होती : 'पंखे, मिक्सर, वॉशिंग मशीन. थरथर काढून मिळेल.' डॉक्टर ही पदवीसुद्धा गल्लीनं दिलेली!

दुरुस्ती झाली, की ते काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला चालू मशीनवर ठेवत आणि हाताची घडी घालून उभे राहत. थेंबही सांडला नाही, की मगच मशीन गिऱ्हाइकाच्या ताब्यात.

घरीही तेच. खुर्ची डुगडुगली, दाराची कडी वाजली, की हातातला घास हातातच राही. "मला सर्दी झाली आणि नाक वाजायला लागलं," बायको सांगे, "तर हे तेलाची बुधली घेऊन आले होते!"

अशा या माणसाला आयुष्यात एकच थरथर काढता आली नव्हती. स्वतःच्या वडिलांच्या हाताची. म्हातारपणी त्यांचा उजवा हात असा कापे, की चहा बशीत कमी आणि सदऱ्यावर जास्त. डॉक्टरांनी जड कप आणले, हाताला पट्टे बांधून पाहिले, काही उपयोग झाला नाही. दोन महिन्यांपूर्वी वडील गेले आणि तो विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही.

तर झालं असं, की त्यांच्या लेकीला, म्हणजे ठकीला, शाळेत एक प्रकल्प करायचा होता. चित्रकला, इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रकाम, तिन्ही तासांचा मिळून एकच. निवडलेला प्रकल्प शाळेच्या दाराशी कायमचा ठेवणार होते, त्यामुळे ठकीनं जीव ओतला होता. तिनं कागदाच्या लगद्याचे आजोबा केले होते. लाकडी चौकटीच्या खिडकीशी, खुर्चीत बसलेले. चेहरा हुबेहूब! डॉक्टरांनी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा उगाचच घसा खाकरला आणि पाना शोधायला निघून गेले. पाना त्यांच्या खिशातच होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी ठकी नावाची पाटी रंगवायला मैत्रिणीकडे गेली. डॉक्टरांनी हळूच मोटरला थेट तारा जोडून पाहिल्या. आजोबांचा हात अर्ध्यावर उठला, अडखळला, थरथरला, आणखी थोडा वर गेला, थांबला आणि कापत कापत खाली आला.

"अरे देवा! हे शाळेत नेणार? माझ्या घरातून?"

"ठेवा ते खाली," बायको म्हणाली. "तिला विचारल्याशिवाय हात लावू नका."

"विचारायचंय काय? मी काय पंख्याला विचारतो?"

पाठीमागचं झाकण उघडलं, तर दोष लगेच सापडला. हात उचलणारी लाकडी चकती गोल नव्हतीच! कडेला वेड्यावाकड्या खाचा, कानशीनं पाडलेल्या. पोरीला गोल घासता आलेलं दिसत नाही, असं म्हणून त्यांनी ती उपटली आणि तिच्या जागी गाडीच्या काचेवरचा वायपर फिरवणारी मोटर बसवली. दणकट! शिवाय माणूस ओळखणारा सेन्सर चुकीचा लावला होता. माणूस समोर आला तरी ढिम्म, आणि पाठ फिरवून निघाला, की हात हलायचा! तेही सरळ केलं. तारांचे सगळे जोड डाख देऊन असे पक्के केले, की कुणाच्या बापाला सुटू नयेत.

मग पुतळ्याच्या पायाशी पेला ठेवून पाहिला. पाण्यावर तरंगसुद्धा नाही! "झालं, बाबा," ते पुतळ्याला म्हणाले. "गेली तुमची थरथर." त्यांचे डोळे भरून आले होते. ठकी परत येईतो पुतळा कापडात बांधून तयार होता.

सकाळी त्यांनी मोठ्या जोमानं स्वतःच पुतळा शाळेत पोचवला. ठकी चित्रकलेच्या बाईंबरोबर परीक्षकांना आणायला गेली होती. मधल्या वेळात लोक जमू लागले आणि आजोबांनी हात करायला सुरुवात केली. समोर कुणीही आलं, की सप् सप् सप्! मंडळी टाळ्या वाजवायच्या ऐवजी मागं सरकू लागली.

"हे गाड्या पुसायचं यंत्र आहे का?" एका आईनं विचारलं.

"स्वागत करताहेत ते!" डॉक्टर म्हणाले.

"मला तर हाकलल्यासारखं वाटतंय."

एवढ्यात परीक्षक आले. जाडजूड चष्मा, हातात कागदांची चळत. त्यांच्यामागं ठकी. डॉक्टरांच्या अंगात सवयच भिनलेली, त्यांनी काठोकाठ भरलेला पेला आजोबांच्या खिडकीत ठेवला. "बघा साहेब, एक थेंब हलला तर सांगा!"

थेंब हलला नाही. अख्खा पेला हलला! परीक्षक बघायला वाकले, आजोबांचा हात आला, आणि पाणी साहेबांच्या तोंडावर, पेला कागदांवर, चष्मा शेजारच्या मुलाच्या कारंज्यात! साहेब चाचपडत पुन्हा पुढं आले, सेन्सरला ते दिसले, आजोबांनी पुन्हा एक लगावली.

"बंद करा! बंद करा!"

डॉक्टर तारा ओढू लागले. पण जोड कुणी दिले होते? सुटतात कसले! शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी आजोबांचा दंडच धरला. कट्ट! दंड डॉक्टरांच्या हातात आला. आत मोटर मात्र घूं घूं करत फिरतच राहिली, कारण ती खरोखरच उत्तम बसवलेली होती.

ठकीनं झाकण उघडून आत पाहिलं.

"चकती कुठंय, बाबा?"

"अगं, ती वाकडी होती. थरथर काढली मी..."

"थरथर काढली?" तिचे ओठ कापू लागले. "आजोबांच्या समोर बसून खाचा पाडल्या होत्या मी. त्यांचा हात बघत बघत. आता कुठून आणू?"

डॉक्टर हातातल्या तुटक्या दंडाकडे पाहू लागले. "पण ते असा हात कधी करायचे? मी तर कधी..."

"तुम्हाला कसा दिसणार? तुम्ही दुकानाला निघालात, पाठ फिरली, की मग करायचे. रोज. आधी केला, तर पोरगा थांबेल आणि औषध आणायला पळेल, असं म्हणायचे."

दोघं पुतळा घेऊन घरी आले. चकतीचं काय केलं, ते डॉक्टरांना चांगलंच आठवत होतं. त्यांच्या घरात काही वाया जात नसे. स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगत होतं, तिथं एका पायाखाली ती बरोबर बसली होती. म्हणजे बसवली होती, एक कड घासून.

टेबल उचलून त्यांनी ती काढली. अर्ध्या खाचा शाबूत होत्या, अर्धी कड गुळगुळीत. ठकीनं दंड चिकटवला, जुनी मोटर लावली, सेन्सर पुन्हा पहिल्यासारखा केला, चकती बसवली. डॉक्टरांनी फक्त पाना धरला, तोही सांगितल्यावर.

"चालू झालंय. जा, बाबा."

डॉक्टर पाठ फिरवून दाराकडे निघाले. मागं बारीक आवाज झाला. ते गर्रकन वळले. हात केव्हाच मांडीवर पडला होता.

"वळायचं नाही!"

ते पुन्हा गेले. "केला?"

"केला. वर जाताना थरथरला. खाली मात्र धपकन पडतो. ती बाजू तुम्ही घासलीत."

"हो," डॉक्टर म्हणाले. ते पुन्हा आत आले आणि पुन्हा निघाले. मग पुन्हा. दरवेळी दारापर्यंत जाऊन, मान ताठ धरून विचारत, "केला का गं?"

"केला, बाबा."

बायको पानं वाढून कधीची थांबली होती. टेबल डुगडुगलं आणि काठोकाठ भरलेला पेला कलंडून पाणी सगळीकडं झालं. डॉक्टरांनी तिकडं पाहिलंही नाही.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "एक काय ते ठरवा. जाताय, की येताय?"