भुजंगराव मास्तर आणि ओझं

हिंगोलीत भुजंगराव मास्तरांसमोर माणसाला ओझं म्हणायची सोय नव्हती. कुणी घरातल्या म्हातारीला ओझं म्हटलं की मास्तर त्याचा सदरा धरत. "चल कापसाच्या बाजारात. काट्यावर चढव तिला. किती मण भरती, दाखव."

निजामाच्या राज्यात इंग्रजी शिकवणारा हा माणूस माझा शेजारी. संताप यांनी करायचा आणि शेजारधर्म मी पाळायचा, याचा मला फार राग येई. 'वे डाउन' म्हणजे ओझ्याने वाकवणे, हे शिकवताना ते वर्गाला खिडकीतून गोणीखालचा बैल दाखवत. "पाठीवर गोणी पायजे, तरच वे डाउन." एकाने 'बहिणीच्या लग्नाने बाप वाकला' असं वाक्य केलं, त्याला तासभर बाकावर उभं केलं. शब्दकोशात चिंतेचंही ओझं दिलंय, असं मी म्हणालो.

"कोश लिहिणाऱ्याला आणा काट्यावर," मास्तर गुरगुरले.

बायको गेल्यापासून घरात ते आणि लेक कावेरी. तिला स्थळं येत आणि पाहुणे नेमके नको तेच बोलत. डोंगरकडा गावचे पाहुणे सुपारी कातरत म्हणाले, "मास्तर, तुमच्या डोक्यावरलं ओझं उतरवून राहिलो आमी." मास्तरांनी त्यांच्या टोप्या त्यांच्या हातात दिल्या. अशी किती स्थळं घालवली. "एका शब्दापायी पोरीचं वय घालवता?" असं मी एकदा खडसावलं, तर महिनाभर अबोला.

शेवटी पुसेगावचे पाहुणे कमी बोलणारे निघाले. लग्न लागलं.

पाठवणीच्या वेळी मास्तर गाडीवानावर खेकसले, "काहून येवढं भरलं? बैलं वाकतील." त्यांनी स्वतः ट्रंक उतरवली. मग गादी, मग घागर, मग लाडवांचा डबासुद्धा. ऊन चढलं, व्याही ताटकळले, मी दातओठ खात उभा. गाडीत एकटी कावेरी उरली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आता मीच राहिले. मलाबी उतरवता का?"

मास्तरांनी गाडीची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. इतकी स्थळं का घालवली ते मला तेव्हा कळलं, आणि इतक्या वर्षांचा राग कुठे ठेवावा ते कळेना.

मग ते ट्रंक उचलायला वाकले. मघाशी एकट्याने उतरवलेली ती ट्रंक आता त्यांना उचलेना. मी पलीकडची कडी धरली.