सर्जेरावांचा संयम

"कसा झाला आज खेळ?" मी विचारलं.

"लई भारी, सर!" सर्जेराव खुशीत म्हणाले. "सकाळपासून एकपण डाव खेळलो नाय."

सर्जेराव उस्मानपुऱ्यात आमच्या इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे कन्नड तालुक्यातले. लहानपण मेंढरांमागं गेलं, उमेदीची वर्षं एसटी चालवण्यात. निवृत्तीनंतर माणसं देवळात बसतात. हे मोबाइलवर पोकर खेळायला बसले. टेबल सगळ्यात स्वस्तातलं. फार तर चहापाण्याचे पैसे जातील, असं. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. बरे असले तर पैसे लावायचे, नसले तर टाकून द्यायचे. सर्जेराव टाकून देतात. कधीतरी एक्क्यांची जोडी येते आणि ते खेळायला सरसावतात. पण तोवर बाकीच्यांनी त्यांचा स्वभाव ओळखलेला असतो. मग तेही टाकून देतात.

"अहो, मग जिंकता कधी?"

"घाई करणारा एखादा बसलेला असतोच की, सर. आपण त्याची वाट बघायची. मेंढरं राखली की वाट बघायची सवय लागती."

चांगला पत्ता असूनही हरले, तर फोन थेट ज्वारीच्या डब्यात. "राग आला की बोट आपलं राहत नाय," म्हणतात. एकदा मी त्यांच्याकडं बसलो असताना फळीवरचा डबा अचानक वाजायला लागला. मी दचकलो. सर्जेराव शांतपणे म्हणाले, "वाजू द्या. अजून राग गेला नाय."

मधल्या दुष्काळी वर्षांत धरण आटत चाललं होतं आणि शहर मात्र बायपासच्या अंगानं पसरत होतं. एक दलाल आमच्याकडं प्लॉट विकायला आला. सर्जेरावांनी त्याला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढा भारी हाय, तर इकायलाव कशाला?" प्लॉट घेतला नाही. दोनेक वर्षांत भाव दुप्पट झाला. मी मुद्दाम त्यांना सांगायला गेलो, तर म्हणाले, "टाकलेला पत्ता उलटून बघू नये, सर."

त्यांच्या बायको, गयावहिनी, अगदी उलट. टँकर आला की पाइप पहिला त्यांच्या हातात असायचा आणि त्यांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जायचा. मग एका उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. इमारत एकदम गप्प झाली.

एका रविवारी दुपारी टँकर आल्याचं सांगायला मी वर गेलो. दार उघडंच होतं.

"जरा थांबा, सर," सर्जेराव आतूनच म्हणाले. "तुमच्या वहिनींचा डाव चालू हाय."

वहिनी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. सर्जेरावांनी फोन त्यांच्या डाव्या हाताजवळ धरला होता. पत्ते होते इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री. याहून भिकार पत्ते पोकरमध्ये नाहीत. वहिनींनी बोट उचललं आणि होतं नव्हतं ते सगळं लावून टाकलं.

"अगं, सत्ती-दुर्री हाय ती!" सर्जेरावांनी कपाळाला हात लावला.

समोरच्याकडं बादशहांची जोडी होती. सगळं गेलं. वहिनींनी डाव्या हातानं नवऱ्याच्या खांद्यावर फटका मारला आणि त्या हसल्या. घोगरा, वाकडा, पण खणखणीत आवाज. पलंग हलत होता.

"आठवडाभराची कमाई गेली की हो," मी हळूच म्हणालो.

"त्याच्यासाठीच जमवतो." त्यांनी उपरण्याच्या टोकानं वहिनींच्या ओठांची कड पुसली. "डॉक्टर म्हणले, बोलतील का नाय, सांगता येत नाय. पण हसली की एवढा आवाज निघतो."

"मग फुकटचा खेळ लावून द्यायचा."

"दिला व्हता. ओळखलं तिनं. बघितलं बी नाय त्याच्याकडं."

वहिनींनी पुन्हा बोट पुढं केलं.

"संपलं गं आता. पुढल्या रविवारी."

वहिनींनी रागानं तोंड फिरवलं. पण सर्जेरावांनी धरलेला हात काढून घेतला नाही. खाली टँकरवाला हॉर्न वाजवत होता. सर्जेराव उठायला निघाले, त्या हाताकडं बघितलं आणि परत बसले.

"सर, राहू द्या आज पाणी," ते हळू आवाजात म्हणाले.

मी दारामागचे त्यांचे हंडे उचलले आणि जिना उतरायला लागलो.