विमान कोण चालवतंय?

ज्याला एखादी गोष्ट येते त्याला ती शिकवता येतेच असं नाही. मात्र जो शिकवतो त्याला ती यायलाच हवी, ही अट जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे, आणि विमान हे त्यांपैकी एक. म्हणून वैमानिकाला प्रशिक्षक व्हायचं असेल तर वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. तीत परीक्षक 'मला काहीच येत नाही' असं नाटक करतो आणि उमेदवार 'मला सगळं येतं' असं. ज्याचं नाटक आधी उघडं पडेल तो नापास. (परीक्षक नापास झाल्याची आजवर नोंद नाही.)

आमच्या संस्थेत या परीक्षेची तयारी मी करून घेतो. त्यासाठी गेली बारा वर्षं मी मठ्ठ विद्यार्थ्याची भूमिका करतो आहे. ती मला जड गेली नाही, असं माझ्या बायकोचं मत आहे. (मत मागवलेलं नव्हतं.)

यंदा माझ्या वाट्याला मावशी आल्या. वय बेचाळीस, बाकीचे उमेदवार पंचविशीचे, म्हणून मावशी. अकरा वर्षं त्यांनी शेतांवर औषध फवारणारं विमान चालवलं होतं, झाडांच्या शेंड्यांना वारा घालत. मग ते काम ड्रोनला मिळालं. (ड्रोन चहा मागत नाही.) मावशींना आता प्रशिक्षक होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पहिल्या परीक्षेत परीक्षकांनी विचारलं होतं, "विमान का उडतं?"

मावशी म्हणाल्या, "त्याला दुसरं काही येत नाही म्हणून."

नापास. उत्तर चूक होतं असं नाही. ते नऊ मिनिटांचं असायला हवं होतं. पुन्हा नापास झाल्या तर नियमाप्रमाणे दोन वर्षं अर्ज करता येणार नव्हता.

मी कंबर कसली. प्रथम फाईल. उमेदवाराकडे पाठांच्या आराखड्यांची फाईल लागते. मावशींची साडेचार किलोंची झाली, इतकी की विमानाच्या वजनाच्या तक्त्यात तिची वेगळी ओळ धरावी लागली. मग व्याख्या. 'शिकणं म्हणजे अनुभवामुळे वागण्यात होणारा बदल.' ही व्याख्या मावशींनी सदतीस वेळा पाठ केली. त्यांच्या वागण्यात कोणताही बदल झाला नाही.

घरी त्या आईवर सराव करायच्या. एकदा मीही गेलो होतो. आई वाटाणे सोलत होत्या. मावशी फळ्यासमोर उभं राहिल्यासारख्या म्हणाल्या, "वेग फार कमी झाला की पंख विमानाला धरून ठेवत नाहीत, विमान पडायला लागतं. तेव्हा आधी नाक खाली करायचं."

"अगं, आधीच पडतंय ना ते? आणखी खाली कशाला?"

मी फाईलकडे बोट दाखवलं. आराखडा क्रमांक अठरा. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"आई, सायकल अगदी हळू झाली की डगमगते. तेव्हा तू काय करायचीस?"

"पायडल मारायचे."

"नाक खाली म्हणजे पायडल. वेग आला की पंख पुन्हा धरतात."

"मग असं सरळ सांगायचं की!" म्हणत आईंनी पुढची शेंग फोडली. मी वहीत नोंद केली : 'उमेदवार आराखडा सोडून शिकवते. धोका.'

परीक्षेच्या दिवशी तीन तास तोंडी झाली. परीक्षकांनी फाईल हातात घेऊन तोलली, समाधानाने मान हलवली आणि न उघडता परत दिली. मग उड्डाण. प्रशिक्षक बसतो त्या उजव्या सीटवर मावशी, डावीकडे विद्यार्थी झालेले परीक्षक आणि मागे मी, निरीक्षक. निरीक्षकाने तोंड उघडलं तर परीक्षा रद्द, असा नियम आहे.

पहिली वीस मिनिटं ठीक गेली. परीक्षक ठरल्याप्रमाणे चुकत होते, मावशी सुधारत होत्या. मग मावशींनी सांगितलं, "आता सरळ जाऊ," आणि त्या मांडीवरची फाईल चाळू लागल्या. परीक्षकांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला.

मी हात मोजले. दोन फाईलवर, दोन चष्म्यावर. पुन्हा मोजले. चारच होते.

बोललो तर मावशींची दोन वर्षं जाणार. नाही बोललो तर तिघांचीही पुढची सगळी. मी नियम पाळला. (नियम पाळणारे लोक प्रसंगी किती धैर्यवान असतात, याची कुणी दखल घेत नाही.) असे नव्वद सेकंद गेले. उंची दहा फुटांनीही हलली नाही. दोघे चालवत होते तेव्हा ती दीडशे फूट वरखाली होत होती.

मग डावा पंख किंचित कलला.

"वळण मऊ घेतलंत हो, मॅडम," परीक्षक काच फुंकत म्हणाले.

"मी? मला वाटलं तुम्ही घेताय."

परीक्षकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मावशींनी फाईल धाडकन मागे टाकली (माझ्या गुडघ्यावर) आणि दांडा धरला.

"कंट्रोल माझ्याकडे. आता तुम्ही म्हणा, 'कंट्रोल तुमच्याकडे.'"

"अहो, मी परीक्षक आहे."

"खाली उतरल्यावर. आत्ता विद्यार्थी आहात. म्हणा."

ते म्हणाले. मावशींनी तीनदा म्हणवून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "चूक माझीच. सरळ जाऊ म्हटलं, पण कोणी न्यायचं ते ठरवलंच नाही. तुम्ही नापास केलंत तरी हे मी लिहून देईन."

खाली उतरल्यावर परीक्षक फॉर्म भरायला बसले. 'त्या वेळी विमान कोणाच्या ताब्यात होतं?' या प्रश्नापुढे 'उमेदवार' आणि 'परीक्षक' असे दोनच चौकोन होते. 'कोणाच्याही नाही' हा चौकोन छापायचा राहिला होता. अखेर त्यांनी दोन्हींवर खूण केली आणि शेरा लिहिला : 'परीक्षकाने हेतुपुरस्सर निर्माण केलेली आणीबाणी उमेदवाराने उत्तम हाताळली. उत्तीर्ण.'

मग माझ्याकडे वळले. "माझ्या हेतूबद्दल तुमचं काही म्हणणं?"

"नाही, साहेब. हेतू मागून स्वच्छ दिसत होता."

मावशी बाहेर जिन्यावर बसून रडल्या, नंतर फोन करून आईला म्हणाल्या, "झालं गं."

संस्थेने हा प्रयोग पुढच्या महिन्यापासून अभ्यासक्रमात सक्तीचा केला. आजवर एकवीस उमेदवारांनी नव्वद सेकंद कशालाही हात न लावता विमान चालवलं असून सर्वांची प्रगती समाधानकारक आहे.

तुम्ही हसलात, हे ठीकच. आता घरी किंवा ऑफिसात शेजारच्या माणसाला सहज विचारा, "हे सगळं तूच चालवतोयस ना?" तो म्हणेल, "मला वाटलं, तुम्ही."