पंक्तिप्रपंच

प्रयोग फसल्याचं कळलं त्या दिवशी बाई सूक्ष्मदर्शकापासून उठल्याच नाहीत. क्षयाच्या लसीवरचा हा त्यांचा शेवटचा मोठा प्रयोग. वर्षअखेरीस निवृत्ती होती. दंडात टोचलेल्या लसीने तयार होणाऱ्या, जंतूंशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे बाईंच्या भाषेत पहारेकरी, रक्तात फिरत राहतात आणि जंतू शिरतो श्वासातून. म्हणून बाईंनी लसीचं धुकं केलं होतं. एका पिंजऱ्यातल्या उंदरांनी ते हुंगायचं, दुसऱ्यातल्यांनी नुसत्या मीठपाण्याचं. पहिल्यांच्या फुप्फुसांत पहारेकरी मुक्कामाला आलेले दिसायला हवेत, दुसऱ्यांच्या नाहीत.

दिसले दोन्हीकडे. सारखेच.

"पेशी रंगवायचा रंग बिघडला असेल," सहायिका म्हणाली. नवा रंग आणला, निकाल तोच. "मग पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असणार." यावर पिंजरे लावणाऱ्या तंत्रज्ञाने तिच्याशी बोलणं टाकलं. मग मेकॅनिकने धुक्याचं यंत्र खोललं. पुन्हा जुळवल्यावर एक स्क्रू उरला आणि तो कुठला, यावरून तोही रुसला. प्रयोगशाळेत कोणी कोणाशी बोलेना. उंदीरघर सांभाळणारे बाईंचे यजमान तेवढे सगळ्यांना चहा देत फिरत होते. संस्थेचं कँटीन बंद पडेपर्यंत त्यांनीच चालवलं होतं.

संध्याकाळी जेवताना एक आम्लेट उरलं. यजमानांनी त्याचे दोन भाग केले, मान वाकडी करून पाहिलं आणि आपल्यातला कोपरा कापून बाईंच्या ताटात सरकवला. बाईंचा हात थांबला.

"अहो, उंदरांना धुकं तुम्हीच देता ना?"

"मग कोण देणार?"

"कसं देता?"

"कसं म्हणजे? दोन्ही बाटल्या एका भांड्यात ओततो नि निम्मं निम्मं वाढतो."

बाईंनी घास खाली ठेवला.

"एका खोलीत बसवायचं आणि एकाला औषध, दुसऱ्याला मीठपाणी? माझ्याकडे साहेब आणि शिपाई एकाच पातेल्यातलं जेवले. असला पंक्तिप्रपंच मला जमायचा नाही."

"मला सांगायचं तरी."

"तू कामात होतीस. आणि त्यात सांगण्यासारखं काय?"

बाईंनी मनाशी हिशेब केला. मग म्हणाल्या, "म्हणजे प्रत्येकाला निम्मीच लस गेली. तरी पहारेकरी आले."

"बघ. पुरवून वाढलं की पुरतं."

"पुरलं की नाही ते कसं सांगू? उपाशी उंदीर तुम्ही एकही ठेवला नाहीत."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, "चूक माझी. प्रयोग कशासाठी आहे ते मी सगळ्यांना समजावलं, वाढणाऱ्याला सोडून." यजमानांचं नाव त्यांनी घेतलं नाही, ते चहाचा ट्रे घेऊन समोरच उभे होते, त्यामुळे गरजही नव्हती. सहायिकेने तंत्रज्ञाची माफी मागितली. स्क्रू मेकॅनिकच्याच पेटीतला निघाला. बाईंना मुदत वाढवून मिळाली.

आता तीन पिंजरे आहेत: एकाला पूर्ण लस, एकाला निम्मी, एकाला नुसतं मीठपाणी. यजमानांची एकच अट होती, तिसऱ्या पिंजऱ्याचं बाईंनी स्वतः बघायचं.

"त्यात काय आहे," म्हणत बाई यंत्र घेऊन गेल्या. उंदरांनी जाळीपाशी येऊन नाकं वर केली. बाई उभ्याच राहिल्या.

"उद्या देते," त्या म्हणाल्या.

यजमानांनी चहा पुढे केला.

दोन पिंजऱ्यांचं काम झालं आहे. तिसऱ्याला मीठपाणी द्यायचं अजून राहिलं आहे.