बाबांचा खडबडीत गेम

आमच्या बाबांनी आयुष्यात एकही वस्तू पूर्ण केली नाही. बुटांच्या कपाटाला दार नाही, बाल्कनीतल्या झोपाळ्याला एकच कडी. आणि मग एका मंगळवारी अर्धा चहा कपात ठेवून गेले. मला अजून राग येतो, चहाचासुद्धा.

म्हणून तेराव्यानंतर मी जाहीर केलं, "बाबांचा गेम मी आज संध्याकाळपर्यंत पूर्ण करणार."

हातात धरून विटा रचायचा गेम. आतलं यंत्र चालू होतं, पण प्लास्टिकची केस त्यांनी थ्री-डी प्रिंटरवर छापून आणलेली, अंगभर रेघा. मागे चार खड्डे, जणू घुशीने उकरलेले. गाड्यांचे पोचे बुजवायला गॅरेजवाले लांबी नावाची पुट्टी भरतात, हे मी तीन दिवस वाचत होते.

नारायण पेठेतल्या गॅरेजवाल्या अवधूतने विचारलं, "कुठली गाडी?"

"गेम आहे."

"गेमला ठोकलं कोणी?" त्याने डबा दिला. "लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा हार्डनर. जास्त झाला की दगड होतो. वाचून काही करू नका, ताई."

मी वाचूनच केलं. खड्डे भरले, घासले. केस साबणाच्या नव्या वडीसारखी झाली. आईच्या हातात दिली.

आईने ती उलटी केली. मागच्या बाजूवरून हात फिरवला.

"माझी बोटं कुठे गेली?"

"कसली बोटं?"

आईची तर्जनी जुन्या फ्रॅक्चरमुळे वाकडी आहे. सपाट वस्तू तिच्या हातातून सटकते. "कणकेचा गोळा धरायला लावून त्या खड्ड्यांची मापं घेतली त्यांनी. सहा वेळा. त्या आठवड्यात आम्ही भातच खाल्ला."

म्हणजे बाबांनी एक वस्तू पूर्ण केली होती. ती मी सकाळभर घासून सपाट केली.

"मग मला सांगायचं ना, आई!"

"विचारलंस कुठे? पूर्ण करते म्हणालीस. मला वाटलं, रंग देशील."

मी रागारागाने नवी लांबी कालवली. हार्डनर वाटाण्याएवढा नाही, चांगला आवळ्याएवढा पिळला. मागच्या बाजूला थापली, आईच्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि म्हटलं, "धर घट्ट."

"गरम लागतंय गं."

"दोन मिनिटं."

दोन मिनिटांनी हात सुटेना. पिशवीच्या घड्या लांबीत रुतून दगड झाल्या होत्या.

आम्ही पेठेतून गॅरेजकडे चालत निघालो. समोरून शेजारच्या नीरजाताई आल्या. "पिशवीत काय आणलंत, आनंदीताई?"

"हात," आई म्हणाली आणि पुढे गेली.

अवधूतने ब्लेडने पिशवी कापली. हात सुटला. केसवर बोटांचे चार खड्डे राहिले, पिशवीच्या सुरकुत्यांसकट.

"गुळगुळीत करून देऊ?"

"नको. आणि उरलेला डबा परत घ्या. हिला पूर्ण करायची फार हौस आहे."

घरी येऊन आई खेळायला बसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. तीन बोटं बरोबर बसली, तर्जनीच्या खड्ड्याला मात्र एक कंगोरा टोचत होता.

"एवढं तरी घासून दे."

मी सॅंडपेपर हातात घेतला. खड्ड्याकडे बघितलं. परत ठेवला.

"उद्या करते," मी म्हणाले.

आईने गेमवरून नजर वर केली.

"हो," ती म्हणाली. "तेही असंच म्हणायचे."