भाऊंची मान

आज भाऊ बोलणार होते.

ही बातमी गावात अशी पसरली होती की शेजारच्या गावची माणसं विचारायला लागली, आजवर बोलत नव्हते का? तर नव्हते. भाऊ घरी बोलायचे, सभेत बोलायचे, झोपेत तर फारच मुद्देसूद बोलायचे. पण निवडून गेल्यापासून संसदेत त्यांनी तोंड उघडलं होतं ते फक्त जांभई द्यायला. त्यांचं बाक सगळ्यात मागचं, जाडजूड खांबाला टेकलेलं. अध्यक्षबाईंच्या खुर्चीवरून तिथे खांब दिसायचा आणि खांबाच्या कडेला भाऊंचा एक कान. बोलायची परवानगी मागायला हात वर केला तर तो हातही खांबाच्या आडच जायचा.

पण म्हणून भाऊंना तिथे काम नव्हतं असं नाही. मंत्री बोलायला उभा राहिला की टीव्हीचा कॅमेरा त्याच्यावर येतो. मागची बाकं रिकामी दिसली तर मग देश कोण चालवतंय, असा प्रश्न लोकांना पडतो. म्हणून पक्षाचे प्रतोद, म्हणजे सदस्यांना सहलीतल्या पोरांसारखं मोजून उठवणारे आणि मोजून बसवणारे गृहस्थ, मागच्या चारसहा जणांना पुढे आणून मंत्र्याच्या पाठीमागे बसवायचे. याला 'चौकट भरणं' म्हणत. चौकटीतल्या माणसाने डुलकी काढायची नाही, नाक खाजवायचं नाही आणि मंत्र्याचं वाक्य संपेल तिथे मान हलवायची.

या कामात भाऊंचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आकडे आले की संथ मान, आश्वासन आलं की लगबगीची मान, कुणा दिवंगताचा उल्लेख आला की एकच, पण खोल. अर्थमंत्री तर भाऊ पाठीशी बसल्याची खात्री केल्याशिवाय वाईट आकडे वाचायचे नाहीत. मध्यंतरी मान धरली म्हणून भाऊ डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी मणके चाचपून विचारलं, "कुठल्या मशीनवर असता?"

घरी मात्र या कलेचं कौतुक नव्हतं. "नंदीबैल तरी विचारल्यावर मान हलवतो," बायको म्हणायची. "तुम्ही न विचारताच."

आणि गावाला तर पूल हवा होता.

नदीवरच्या पुलाच्या एका खांबाला तडा गेला म्हणून तो बंद केला होता. दोन्ही टोकांना पत्रे ठोकले, 'काम चालू आहे' अशी पाटी लावली, आणि त्यानंतर तिथे चालू होता तो फक्त वारा. गाव अलीकडे, दवाखाना पलीकडे. गच्चीवरून दवाखान्याच्या खिडक्या मोजता यायच्या, पण तिथे पोचायला थेट धरणापर्यंत वळसा. त्याच वळशावर सलूनवाल्याची लेक गाडीतच बाळंत झाली. बाळबाळंतीण सुखरूप होती. पण त्या दिवसापासून सलूनवाला एक अक्षर न बोलता भाऊंचे केस कापायला लागला. मानेवर वस्तरा आणि तोंडात शब्द नाही! यापेक्षा मोर्चा परवडला. शेवटी न राहवून भाऊ खुर्चीवरूनच म्हणाले, की पुलाचा प्रश्न मी स्वतः संसदेत मांडतो, नाही मांडला तर पुन्हा मत मागायला येत नाही.

सलूनवाल्याने वस्तरा थांबवला. "गिऱ्हाइकांदेखत बोललात, भाऊ," तो म्हणाला. "आता मी टीव्ही लावून बसणार."

मग भाऊंनी अध्यक्षबाईंच्या कार्यालयात इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई त्यांना आपल्याच खात्यातला समजून कामं सांगायला लागला. आणि अखेर मिळाली! दोन मिनिटं मिळाली!

दोन मिनिटं म्हणजे काय मोठं, असं आपल्याला वाटतं. गावाला तसं वाटलं नाही. औषधवाला म्हणाला, पुलाबरोबर औषधांच्या वाढत्या किमतीही घ्या. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यात शाळेचं छप्पर घातलं. भाऊंचा मेव्हणा गावातलं कार्यालय सांभाळायचा. त्याचं मत पडलं की निव्वळ पुलावर बोलणं म्हणजे खासदाराला शोभत नाही, बेकारी आणि परराष्ट्र धोरणही हवं, म्हणजे भाषणाला उंची येते. भाऊ सगळ्यांना 'घेतो, घेतो' म्हणाले. रात्री बायकोने घड्याळ लावून तालीम घेतली, तर दोन मिनिटांत भाऊ 'सन्माननीय अध्यक्ष महोदया'पासून शाळेच्या छपरापर्यंतच पोचले होते, नदी अजून लांब होती. मग बायकोने बेकारी कापली, परराष्ट्र धोरण कापलं, सन्माननीयसुद्धा कापलं. "पूल म्हणा आणि खाली बसा," तिने सांगितलं.

सभागृहात भाऊ आले ते पायाला भिंगरी लावून. बसले, उठले, पाणी प्यायले, परत बसले. त्यांच्या हलणाऱ्या पायामुळे अख्खं बाक थरथरत होतं आणि शेजारी झोपलेल्या सदस्याला आगगाडीची स्वप्नं पडत होती. आधी बांधकाममंत्र्यांचं निवेदन आणि लगेच भाऊ, असा क्रम होता. तेवढ्यात प्रतोद कमरेत वाकून आले. सगळे कँटीनमध्ये गेलेत, मंत्र्यांच्या मागे चिटपाखरू नाही, पाचच मिनिटं पुढे या, म्हणाले. भाऊंनी माझं भाषण आहे, माझं भाषण आहे, असं कुजबुजून पाहिलं. प्रतोद म्हणाले, भाषण तोंडाने करायचंय ना? मानेला काय काम आहे तोवर?

भाऊ जाऊन चौकटीत बसले.

मंत्र्यांनी निवेदन सुरू केलं आणि भाऊंनी मनात भाषण सुरू केलं. तिकडे मंत्री रस्त्यांवर होते, इकडे भाऊ नदीवर. आपलंच भाषण, आपल्याच मनात, पण काय वठत होतं! 'हा पूल म्हणजे केवळ दगडविटा नव्हेत,' भाऊ मनात म्हणाले आणि स्वतःवरच खूश होऊन त्यांनी संथ मान हलवली. 'हा पूल म्हणजे आमचा श्वास आहे.' लगबगीची मान. 'आमच्या लेकीबाळींनी वळशावरच बाळंत व्हायचं का?' इथे तर त्यांनी एकच, खोल मान हलवली.

आता त्याच वेळी टीव्हीवर काय दिसत होतं ते ऐका. मंत्री सांगत होते की बंद पडलेल्या काही पुलांचं काम आम्ही सोडून दिलं आहे. मागे भाऊंची संथ मान. मंत्र्यांनी भाऊंच्या गावचं नाव घेतलं आणि म्हणाले, तिथे वळशाचा रस्ता उत्तम आहे. लगबगीची मान. आणि तिथल्या जनतेची काहीही तक्रार नाही. एकच, खोल.

खिशातला फोन थरथरला. भाऊंनी बाकाखाली धरून हळूच पाहिला. बायकोचा निरोप होता, 'मान थांबवा.' भाऊंना काही उलगडा होईना, पण बायकोचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी 'बरं' अशी मान हलवली. तीही दिसली.

पाठोपाठ मेव्हण्याचा. 'भावजी, पूल सोडून दिला म्हणाले आणि तुम्ही हो म्हणालात. सलून गच्च भरलंय. कुणी काही बोलत नाही. आधी मानेचा खुलासा करा.'

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. आणि नेमकं तेव्हाच अध्यक्षबाईंनी त्यांचं नाव पुकारलं.

भाऊ ताडकन उठले. अध्यक्षबाई म्हणाल्या, सदस्याने स्वतःच्या जागेवरूनच बोलायचं असतं. नियमच आहे तो! आणि स्वतःची जागा होती पार वर, खांबाशी. भाऊ पळाले. पायऱ्या, गुडघे, पिशव्या, कुणाचा तरी चष्मा. सगळं ओलांडत ते बाकाशी पोचले तर शेजारचा सदस्य आता आडवा होऊन दोघांच्याही जागेवर झोपला होता. त्याला सरळ केलं, माइकचं बटण शोधलं, दाबलं. आणि निवडून आल्यापासून पहिल्यांदाच भाऊंचा आवाज देशाने ऐकला. ती धाप होती.

"सदस्यांचा वेळ चालू आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पूल म्हणा आणि खाली बसा! पण सलून गच्च भरलं होतं. भाऊ म्हणाले, "अध्यक्ष महोदया, मघाशी मी जी मान हलवली, ती मंत्र्यांच्या बोलण्याला नव्हती. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं."

मग समोरच्या बाजूने विरोधी पक्षनेते उठले, बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाने पाटाकडे यावं तसे. सदस्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांनी आभार मानले आणि म्हणाले, "एवढंच सांगा, अर्थसंकल्पाला मान हलवलीत, तेव्हा मनात काय चाललं होतं?"

भाऊ सरळ माणूस. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "तेव्हा आमच्या न्हाणीघराचा नळ गळत होता," ते म्हणाले.

पुढचं काही ऐकूच आलं नाही. परराष्ट्र धोरणाच्या वेळी काय गळत होतं, असं कुणीतरी ओरडलं. विरोधकांनी मागणी केली की सरकारच्या पाठीमागे आजवर हललेल्या सगळ्या माना रद्द करा. अर्थमंत्री उठून जाताना दिसले. पूल हा शब्द भाऊंच्या ओठापर्यंत आला होता, तेवढ्यात अध्यक्षबाईंनी कामकाज दिवसभरासाठी बंद केलं आणि माइकचा दिवा गेला.

संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर भाऊंची मान होती. तज्ज्ञ मंडळी मानेवर बाण काढून दाखवत होती. मेव्हण्याने कळवलं की सलूनवाल्याने टीव्ही बंद केला, भाऊंचा भिंतीवरचा फोटो काढून खुंटी तेवढी ठेवली, आणि म्हणाला की भाऊंना सांगा, माणूस शब्द मोडतो ते कळतं, हा मानेने मोडून आला. भाऊ रात्रभर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

सकाळी प्रतोदांनी त्यांना जिन्यात गाठलं. मंत्री आज पुलाबद्दल खुलासा करणार होते. भाऊंनी मागे बसायचंच होतं, नाहीतर बंड झालं असं छापून आलं असतं. "पण मान," प्रतोद म्हणाले, "एक सूतभर जरी हलली, तरी लोक म्हणतील यंत्र बसवलंय. दगड व्हा. समजलं?"

समजलं, असं भाऊंनी तोंडाने सांगितलं. सवय नसल्यामुळे ते जरा मोठ्यानेच झालं.

सभागृह खच्चून भरलं होतं. कँटीनमध्ये वाढपीसुद्धा उरले नव्हते. भाऊंनी दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरले, समोरच्या भिंतीवरच्या एका डागावर नजर लावली आणि दगड झाले.

मंत्री म्हणाले की सदर पुलाबाबत सरकार सहानुभूतीने विचार करेल. आणि थांबले. इतक्या वर्षांची सवय. इथे पाठीमागे काहीतरी हलल्याचं त्यांना जाणवायचं. त्यांनी सभागृहाचं चित्र दाखवणाऱ्या समोरच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. भाऊ दगड. विरोधकांत हसू फुटलं.

"लवकरच विचार करेल," मंत्री म्हणाले.

दगड.

"म्हणजे विचार झालेलाच आहे. पुलाची दुरुस्ती होईल."

भाऊंचा जीव कासावीस झाला. गावचा पूल मंजूर होतोय आणि आपण मख्ख! मानेतला एकेक मणका हो म्हणायला धडपडत होता. पण बाजूला प्रतोद डोळे वटारून उभे होते. भाऊंनी दात आवळले. त्या दात आवळण्याने चेहरा असा काही झाला की पडद्यावर तो मंत्र्यांना साफ नकार वाटला. मंत्र्यांच्या कपाळावर घाम आला. दुरुस्ती याच वर्षी, म्हणाले. भाऊंनी श्वास रोखला. याच महिन्यात, म्हणाले. भाऊंचा चेहरा लाल झाला. मंत्र्यांनी हातातला कागद मिटला, सरळ मागे वळले आणि म्हणाले, "उद्या सकाळी यंत्रं पाठवतो, भाऊ. आणखी काय करू?"

समोरच्या बाजूने बाकं वाजली. भाऊ मात्र दगडच राहिले, कारण एव्हाना त्यांची मान खरोखरच धरली होती.

आणि यंत्रं आली, खरोखर आली! भाऊ गावी पोचले तेव्हा नदीवर धडधड चालू होती आणि 'काम चालू आहे' ही पाटी पहिल्यांदाच खरं बोलत होती. भाऊ ताठ मानेने, म्हणजे तशीच होती म्हणून, सलूनमध्ये शिरले. सलूनवाल्याने स्वतः खुर्ची झटकली. गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. भाऊंना भरून आलं. त्यांनी जाहीर केलं की ही तर सुरुवात आहे, पुढच्या अधिवेशनात मी औषधांच्या किमतींवर बोलणार, देशभरातल्या जनतेचा प्रश्न आहे तो, भाषण आत्तापासूनच तयार आहे.

औषधवाल्याने सलूनवाल्याकडे पाहिलं. आधी काहीतरी ठरलेलं दिसत होतं.

"राग मानू नका, भाऊ," सलूनवाला त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधत म्हणाला. "तुम्ही बोललात, तेव्हा संसद बंद पडली. गप्प बसलात, तेव्हा पूल सुरू झाला. आमचं म्हणणं इतकंच, आरोग्यमंत्री बोलायला उभे राहिले की त्यांच्या मागे जाऊन बसा. आणि काही करू नका."

"म्हणजे मी बोलायचंच नाही?"

"घरी बोला की. वहिनींना विचारलंय आम्ही."

भाऊंनी आरशात पाहिलं. यात खोट काढावी असं काही सापडेना. जरा वेळाने त्यांनी, मुद्दा पटल्याची, संथ मान हलवली.

सलूनवाल्याने कात्री बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी भाऊंचं डोकं धरलं आणि सरळ केलं.

"हे," तो म्हणाला. "हे नको."