साठ हात लांब जागेच्या कागदाची हकीकत

श्रीकुलदेवतेचे पाय वंदून, ऐकिले तैसे लिहिले, पदरचे मीठमिरची घातले नाही. शके सत्राशें, विलंबीनाम संवत्सरी, फाल्गुनमासी एका राज्याच्या कसब्यात थकल्या घरपट्टीचा लिलाव मांडिला. तेथील रीत उफराटी. सरकार घर विकीत नसे. जो थकबाकी भरील त्यास कागद देई, आणि धन्याने दोन वर्षांत पैका व्याजासुद्धा फेडिला तर कागद रद्द, न फेडिला तर जागा कागदवाल्याची. आणि बोली वर चढत नसे, खाली उतरे. जो कमी व्याजावर राजी होईल त्याचा कागद.

तेथे आवडाबाईसाहेब मोकाशी सोन्याच्या पाटल्या मोडून दीडशें रुपये घेऊन आल्या. विधवा लेकीस चौकात घर करून द्यावे, ही एकच आस. पुकारा जाहला, "चौकालगत, पूर्वाभिमुख, लांबी साठ हात!" कारभारी बहिरोपंत कानाशी लागोन म्हणाले, "बाईसाहेब, आधी जागा पाहून येऊ." बाई म्हणाल्या, "बुडव्याच्या दारी मोकाशीण जात नसते." मग व्याज शेकडा अठरावरून सुटले आणि दौलतराव काळोखे बारा बोलिले आणि बाई दहा बोलिल्या आणि दौलतराव हसोन वदले, "बाईसाहेब, आपण चूल सांभाळावी." झाले! बाईंचे मस्तक तापले आणि "एक!" म्हणोन गर्जल्या आणि कागद हाती आला. दौलतराव स्वस्थ बसले. ते जागा पाहून आले होते; बोलिले ते केवळ बाईंस चिडवावयास.

मग दोन वर्षे सरत आली, तीन दिवस उरले, तेव्हा बहिरोपंत घाबरे होऊन म्हणाले, "दोन साक्षीदार नेऊन धन्याच्या हाती सूचना न दिल्यास कागद बाद आणि पैका बुडाला." मग बाईंस जाणे प्राप्त जाहले. जाऊन पाहतात तो जागा साठ हात लांब खरी, आणि रुंद दीड हात! दोन घरांमधील सांडपाण्याची बोळ. बाई ओरडल्या, "घर कुठं आहे रे?" धनी गोंदजी तांबट हात जोडोन म्हणाला, "वाटणीत घर भावास गेले, पाणी आम्हांस आले." "मग पट्टी भर आणि सोडवून ने!" "का म्हणोन, आईसाहेब? कोणी नेईल का, म्हणोन सात वर्षे वाट पाहिली."

पैका बुडू नये म्हणोन बाईंनी साक्षीदारांदेखत सूचना त्याच्या हाती दिली, आणि शेवटले दिवशी चावडीवर बसल्या. जो धनी येऊ नये म्हणोन दोन वर्षे नवस केले, तो यावा म्हणोन आता डोळे रस्त्यास लागले. ऊन भिंतीवरून उतरत चालले, आणि दिवस बुडतेवेळी गोंदजी पिशवी घेऊन आला. बाई उठोन उभ्या राहिल्या. त्याने पिशवीतून नारळ काढिला आणि म्हणाला, "नव्या धनिणीस!"

सूर्य मावळला. हवालदाराने शिक्का मारिला आणि म्हणाला, "जागा आपली जाहली. चालू सालची पट्टी अकरा रुपये." बहिरोपंत हळूच म्हणाले, "थकू द्यावी. पुकाऱ्यात कोणीतरी घेईलच." बाईंनी त्यांजकडे ऐसे पाहिले की पंत दोन पावले मागे सरले. "मोकाशिणीचं नाव पुकाऱ्यात? आणि माझ्यासारखीच दुसरी कुणी पाटल्या मोडून यायची?" म्हणोन कानीची बुगडी काढून चौरंगावर आपटिली.

तात्पर्य, जागा पायांनी पाहावी, रुंदी विचारावी, मग तोंड उघडावे. कागद म्हणजे घर नव्हे. बाईंनी पट्टी कधी थकविली नाही. लिहिले ते खरे, जाणिजे.